वंगणातली माती

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही मुले कुडकुडत तेल-उटणे लावून घेत असू, त्याच सुमारास आमचे आजोबा अंगणात गाडीचे चाक काढीत बसलेले असत. पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली गाडी दिवाळीनंतर ऊस वाहायला निघायची आणि तिला तयार करण्याचा त्यांचा मुहूर्त हाच. खीळ उपसायची, चाक अलगद ओढून भिंतीला टेकवायचे आणि मग उघड्या पडलेल्या लोखंडी आसाला अभ्यंग. नातवंडांच्या पाठीला तेल पुरत नाही आणि यांचे गाडीला चालले आहे, अशी आजीची तक्रार. आजोबा हसत आणि आपले काम सोडीत नसत.

त्या कामातला एक क्रम मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असे, त्यात एरंडेल. आजोबा त्याला आधी हात लावीत नसत. प्रथम जुन्या धोतराचा फडका घेऊन आसावरचे गेल्या हंगामातले काळे, चिकट वंगण पुसून काढीत. चाकाच्या तुंब्यात बोट घालून तेथलेही कोरून काढीत. मग ते काळे अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून, डोळे मिटून, हलकेच चोळून पाहत. करकर लागली की पुन्हा पुसणे. ती करकर पूर्ण थांबल्यावाचून नवे तेल आसाला लागत नसे.

मी पुढे इंजिनिअर झालो. उभी हयात साखर कारखान्यांत, टर्बाइन आणि गिअर यांच्या सोबतीत काढली. पण त्या बोट चोळण्याचा अर्थ समजायला मला तेहतिसावे वर्ष उजाडावे लागले आणि त्या शिक्षणाची फी दुसऱ्याच एका माणसाने भरली. ती हकीकत पुढे येईलच. त्याआधी वाचकांना थोडे मागे, आणि थोडे दूरदेशी, न्यायचे आहे.

फिरणारी वस्तू आणि तिला धरून ठेवणारी स्थिर वस्तू यांच्या भेटीची जागा म्हणजे बेअरिंग. घरातला पंखा, शिवणाचे यंत्र, पिठाची गिरणी, आगगाडीचे चाक, धरणाखालची वीज काढणारी टर्बाइन, सर्वांचा भार शेवटी याच जागेवर येतो. तेथे तेल घालावे, हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. ईजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या एका सरदाराच्या थडग्यात, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचे, एक भित्तिचित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर चढवला आहे, माणसांच्या रांगा दोर ओढताहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक माणूस गाडीपुढच्या जमिनीवर भांड्याने काहीतरी ओततो आहे. यंत्रशास्त्राच्या इतिहासात माझ्या व्यवसायबंधूंच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक असावे. त्याच्या पगाराविषयी मात्र चित्रकाराने काही लिहून ठेवलेले नाही.

तेल घालावे हे ठाऊक होते. पण ते आत जाऊन नेमके करते काय? सर्वसाधारण समजूत अशी, की तेलाने पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि धातू धातूवरून सहज घसरतो. ही समजूत थेट १८८३ सालापर्यंत टिकली. ती मोडली एका लाकडी बुचामुळे.

इंग्लंडमध्ये त्या वेळी आगगाड्यांचे जाळे पसरून पन्नास वर्षे होत आली होती. आपल्याकडेही मुंबई-ठाणे गाडी सुटून तीस वर्षे झाली होती. प्रत्येक डब्याच्या आसाच्या टोकावर पितळेचा अर्धगोल तुकडा टोपीसारखा बसवलेला असे आणि सगळ्या डब्याचे वजन त्या टोपीवर. या जागा तापत, कधी पेट घेत. घर्षणाचा प्रश्न एकदा नीट तपासावा म्हणून लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने एक समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशँप टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. टॉवरने चार इंच जाडीचा पोलादी आस घेतला, त्यावर सहा इंच लांबीची पितळी टोपी ठेवली, टोपीवर वजन लादले आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडवून तो फिरवायला सुरुवात केली. घर्षण इतके कमी भरले, की त्यालाच नवल वाटले.

मग त्याने नेहमीच्या पद्धतीने वरून तेल देऊन पाहायचे ठरवले. त्यासाठी टोपीच्या अगदी माथ्यावर अर्ध्या इंचाचे भोक पाडले. यंत्र पुन्हा सुरू केले आणि पाहतो तो त्या भोकातून तेल वर येऊन बाहेर वाहू लागले! ज्या वाटेने तेल आत जावे म्हणून भोक पाडले, त्याच वाटेने ते बाहेर. सांडलवंड नको म्हणून त्याने भोकात बूच मारले. बूच उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. दुसरा एखादा वैतागून भोक सांधून मोकळा झाला असता. टॉवरने तेथे दाबमापक बसवला. टोपीवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला शंभर पौंड, आणि दाबमापकाचा काटा दोनशेच्या पुढे जाऊन पट्टीबाहेर टेकला.

याचा अर्थ एकच होता. टोपी आसाला टेकलेलीच नव्हती. ती तेलावर तरंगत होती. पोलाद आणि पितळ यांच्यामध्ये तेलाचा एक अखंड पातळ पडदा होता आणि सगळे वजन त्या पडद्याने उचलून धरले होते. आणि आजवर आगगाडीच्या टोप्यांना तेलासाठी जी भोके पाडली जात होती, ती दाब सर्वांत जास्त असतो त्याच ठिकाणी, म्हणजे असलेले तेलही बाहेर पडावे अशा बेताने!

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले. ते गणित येथे देत नाही, दिवाळी आहे. पण कल्पना सोपी आहे. यात्रेची गर्दी मोकळ्या मैदानातून अरुंद वेशीत शिरताना कशी दाटते, ते आपण पाहिले आहे. मागचे पुढच्यांना रेटतात आणि वेशीच्या तोंडाशी असा दाब होतो, की माणसाचे पाय जमिनीवरून सुटतात. फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो आणि आस व टोपी यांच्यातली फट पुढे निमुळती होत जाते. त्या निमुळत्या वेशीत दाटलेले तेल टोपीचे पाय जमिनीवरून सोडवते. आस थांबला की गर्दी पांगते आणि धातू धातूवर टेकतो.

हा पडदा किती जाड? माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले सत्तर. चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. मोठ्या टर्बाइनच्या बेअरिंगमधला तेलाचा पडदा काही दशक मायक्रॉनचा असतो. आणि १९०७ साली स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट या कापडगिरणीतल्या अभियंत्याने जे आपोआप जुळवून घेणारे बॉल बेअरिंग काढले, त्या जातीच्या बेअरिंगांत गोळी आणि कडे यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनच्या आतबाहेर, पुष्कळदा त्याहून कमी. म्हणजे पडद्याचा शोध लागला त्याच दिवशी शत्रूचीही ओळख पटायला हवी होती. जो कण पडद्यापेक्षा जाड, तो पडदा फाडणार. आणि तो डोळ्यांना दिसणार नाही.

व्यवहारातल्या माणसांनी यावर एक उपाय शास्त्राच्या आधीच शोधून ठेवला होता. मूळचा सोनार असलेल्या आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली बेअरिंगला आतून कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर लावण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या काँग्रेसने त्याला त्यासाठी वीस हजार डॉलर दिले. आपल्या कारखान्यांत याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. याचा एक गुण असा, की तेलाबरोबर एखादा टणक कण आलाच, तर हे अस्तर त्याला पोटात घेते. पोलादाला ओरखडा पडण्याऐवजी कण मऊ धातूत रुततो. सासरच्या शब्दाचा काटा मुकाट्याने गिळणाऱ्या जुन्या काळच्या सुनेसारखे हे अस्तर आहे. पण तिच्याही पोटाला मर्यादा असते. कण फार झाले, की रुतलेल्या कणांची टोके वर राहतात आणि त्या मऊ अस्तराचाच शाणेचा दगड होतो. मग ज्याला सांभाळायचे, त्या पोलादी आसालाच ते घासू लागते.

बॉल बेअरिंगमध्ये तर गिळायला कोणी मऊ माणूसच नाही. तेथे दोन्ही बाजू कडक पोलादाच्या. कण गोळीखाली सापडला, की पोलादात एक सूक्ष्म खड्डा पडतो, खड्ड्याच्या काठावर उंचवटा येतो, आणि त्या उंचवट्यावरून पुढची प्रत्येक गोळी लाखो वेळा आपटत जाते. तेथून बारीक तडा जातो, तड्यातून पापुद्रा निघतो, आणि निघालेला पापुद्रा पुन्हा नवा कण होऊन तेलात मिसळतो.

एका बेअरिंगने काय होते, असे कोणी विचारील. १९४३ च्या ६ सप्टेंबरला अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ भरधाव प्रवासी गाडीच्या एका डब्याच्या आसाचे टोक तापून तुटले. ७९ माणसे गेली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच दुसऱ्या एका देशात काही माणसांनी मुद्दाम, ठरवून, आगगाडीच्या बेअरिंगांत खर घातली.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा निवृत्त झालो होतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना शत्रूच्या मुलखात घातपात करण्यासाठी ब्रिटिशांनी १९४० मध्ये एस.ओ.ई. नावाची गुप्त संघटना काढली. तिने टोनी ब्रूक्स या वीस वर्षांच्या पोराला १९४२ च्या जुलैमध्ये विमानातून दक्षिण फ्रान्समध्ये उतरवले. त्याचे बळ म्हणजे फ्रेंच रेल्वे कामगार. शंटिंग करणारे, आसांना तेल देणारे, हाताने डबे तपासणारे. या लोकांना बॉम्ब हवेच होते असे नाही. रेल्वे कशाने चालते हे ज्याला माहीत असते, त्याला ती कशाने थांबते हेही माहीत असते.

१९४४ च्या वसंतात दक्षिण फ्रान्समधील माँतोबाँ गावाच्या परिसरात ‘दास राइख’ नावाची जर्मन एस.एस. चिलखती डिव्हिजन मुक्कामाला होती. दोस्तांचे सैन्य किनाऱ्यावर उतरले की हिचे रणगाडे उत्तरेला धाडायचे, असा बेत. रणगाडा रस्त्याने लांब पळवला की त्याचे पट्टे आणि यंत्रे झिजतात, पेट्रोलही बेसुमार लागते. म्हणून त्यांना वाहून नेण्यासाठी खास सपाट वाघिणी आसपासच्या सायडिंगांवर लपवून ठेवल्या होत्या. या वाघिणींना पहारा फारसा नव्हता. रिकाम्या वाघिणीला कोण काय करणार?

रात्री तेथे एक सोळा वर्षांची मुलगी, तिची चौदा वर्षांची बहीण आणि त्यांचे साथीदार येत. आसांच्या पेट्यांतले तेल काढून घेत आणि त्या जागी इंग्लंडहून विमानाने टाकलेले, वंगणासारखे दिसणारे, पण कार्बोरंडमची पूड कालवलेले मिश्रण भरून ठेवीत. काढलेले तेल काळ्या बाजारात विकले जाई, अशीही नोंद आहे. हा तपशील मला फार खरा वाटतो. युद्धात तेल महाग असते आणि शूर माणसांनाही घर चालवायचे असते.

कार्बोरंडम आपल्याला नवे नाही. धार लावायच्या दगडात तेच असते. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने ते प्रथम तयार केले, तेव्हा हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा, अशा चुकीच्या तर्काने त्याने हे नाव ठेवले. आणि ‘कोरंडम’ म्हणजे मुळात आपल्याच देशातला कुरुंद! दक्षिणेकडून इंग्रजीत गेलेला शब्द अमेरिकेत चुकीच्या बारशाला हजर राहिला आणि फ्रान्समध्ये जर्मनांच्या वाघिणींत जाऊन बसला. शब्दांचीही नशिबे असतात.

१९४४ च्या ६ जूनला दोस्त नॉर्मंडीत उतरले. दास राइखला निघण्याचा हुकूम झाला. वाघिणी काढल्या, तर आस धरू लागले. सगळ्या वाघिणी निकामी झाल्या. शेवटी रणगाडे रस्त्यानेच काढावे लागले. पुढे वाटेत क्रांतिकारकांचे छापे, उखडलेले रूळ, वरून विमाने. तीन दिवसांत व्हावा असा प्रवास सतरा दिवस लांबला. या उशिराचे सगळे श्रेय त्या पुडीला देणे बरोबर नाही, कारण उशीर अनेकांनी मिळून केला. पण सुरुवात त्या बेअरिंगांत झाली हे खरे. किनाऱ्यावर नुकतेच पाय रोवणाऱ्या दोस्त सैन्याला ते दिवस मिळाले.

ही कथा येथेच थांबवून टाळ्या घ्याव्यात, असा मोह होतो. पुष्कळ लेखक घेतात. परंतु त्याच डिव्हिजनने त्याच वाटेवर ९ जूनला त्यूल गावात ९९ पुरुषांना फासावर चढवले आणि १० जूनला ओरादूर-सुर-ग्लान या खेड्यात बायका-मुलांसह सहाशे चाळीसहून अधिक माणसे मारली. त्या दोघी बहिणींनी पुढच्या आयुष्यात या गोष्टींचा हिशेब मनाशी कसा मांडला असेल, हे मला कधी ठरवता आले नाही.

आता माझा हिशेब.

१९७३ सालचा हिवाळा. मी दख्खनच्या पठारावरील एका साखर कारखान्यात असिस्टंट इंजिनिअर होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, दोष त्याचा नव्हता. पॉवर हाउसमध्ये वाफेवर चालणारी एक टर्बाइन. ती थांबली की वीज थांबणार, मिल थांबणार, आणि फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाणार. तोडलेला ऊस वाट पाहत नाही, त्यातली साखर दर दिवशी घटते.

तेथे एक वयस्क ऑइलमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. मामांना दोन सवयी होत्या. एक म्हणजे लाकडी दांडक्याचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाशी लावून ऐकत बसणे. दुसरी म्हणजे पिंपातले नवे तेल टाकीत ओतण्याआधी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळणे. या गाळण्याला फार वेळ लागे. मी एकदा त्यांना थांबवले. म्हटले, “मामा, सीलबंद पिंपातले कंपनीचे तेल आहे. त्याला गाळायचे काय? उलट तुमच्या फडक्याचे धागे तेलात जातात आणि नळ्या तुंबतात.” धाग्यांचे म्हणणे पुस्तकात होते आणि बरोबरही होते. मामा म्हणाले, “बरं साहेब.” फडका त्यांनी खांद्यावर टाकला.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. तेलाची पिंपे स्टोअरमागच्या उघड्या आवारात, मुरुमावर उभी असत. डिसेंबरात टर्बाइनच्या टाकीतले तेल उतरले म्हणून एक पिंप फोडून भर घातली. चार-पाच दिवसांनी रात्रपाळीत मामांनी फिटरला सांगितले, की पुढच्या बेअरिंगचा आवाज खरखरीत येतो आहे. फिटरने सकाळी मला सांगितले. मी थर्मामीटर पाहिला, काटा जागेवर होता. “ठीक आहे,” मी म्हटले. त्याच रात्री पहाटे तीनच्या सुमारास काटा चढू लागला आणि टर्बाइन बंद करेपर्यंत व्हाइट मेटल वितळून पुसले गेले होते. कारखाना चार दिवस बंद राहिला. गाडीवाल्यांनी रांगेतच चुली मांडल्या.

चौकशी माझ्याकडे आली. रात्रपाळीच्या रजिस्टरात दोन फेऱ्यांची नोंद कोरी होती. मी अहवालात लिहिले, की ऑइलमनने त्या फेऱ्यांत तेलाकडे लक्ष दिले नाही, त्यामुळे बेअरिंग कोरडे पडले. वाक्य छोटे होते. मामांचा हिशेब करून त्यांना आठवड्याच्या आत घरी पाठवण्यात आले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

बेअरिंग उघडताना मी त्यातले थोडे तेल औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून घेतले होते. त्या वेळी ते ताकासारखे पांढुरके, गढूळ दिसत होते. तपासणीला पाठवावे असा विचार होता. धावपळीत ती बाटली माझ्या टेबलामागच्या खिडकीत राहून गेली. संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी तिच्यावर ऊन पडले आणि माझे लक्ष गेले. आत तीन थर झाले होते. वर मधासारखे तेल. त्याखाली बोटभर स्वच्छ पाणी. आणि तळाला, पूर ओसरल्यावर नदीकाठी राहते तशी, तांबड्या मातीची एक बारीक रेघ.

मी आवारात गेलो. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साठते, हे तर उघडच होते. न दिसणारी गोष्ट अशी, की पिंप श्वास घेते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून झाकणाच्या आट्यांतून बाहेर पडते, रात्री गारठ्याने आकसते आणि त्याच आट्यांतून जे बाहेर असेल ते आत ओढून घेते. बाहेर मुरुमाचे गढूळ पाणी होते. सीलबंद पिंपात ते रोज रात्री थोडे थोडे जात राहिले.

तेव्हापासून मी या विषयाचे मिळेल ते वाचले. १९६६ साली इंग्लंडमध्ये पीटर योस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ट्रायबॉलॉजी’ असे नाव दिले आणि या बाबतीतल्या अज्ञानापायी देशाचे वर्षाला पन्नास कोटी पौंडांहून अधिक नुकसान होते, असा अंदाज दिला. १९७७ मध्ये कँटली या संशोधकाने रोलर बेअरिंगांवर पाण्याचा परिणाम मोजला. दहा लाख भाग तेलात शंभर भाग पाणी, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत वीसएक थेंब, हे प्रमाण धरले, तर ते चौपट झाल्यावर बेअरिंगचे आयुष्य निम्म्याहून कमी होते आणि पाव केल्यावर दुपटीहून वाढते. बेअरिंगचे आयुष्य काढण्याच्या आंतरराष्ट्रीय सूत्रात तर २००७ पासून तेलातल्या घाणीचा एक गुणकच घातला आहे. धुळीला गणितात जागा मिळायला रेनल्ड्सनंतर सव्वाशे वर्षे लागली. आणि पिंपातून आलेले नवे तेल यंत्राला चालेल इतके स्वच्छ पुष्कळदा नसते, हेही आता कोणी नवे म्हणून सांगत नाही.

मामांच्या फडक्याने ती टर्बाइन वाचली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला. इंजिनिअर म्हणून सांगायचे, तर नाही. धोतराच्या विणीतून दहा मायक्रॉनचा कण सहज निघून जातो. परंतु चौपदरी फडक्यावर पाण्याचे मणी थांबले असते, खाली तांबडा डाग पडला असता, आणि मामांनी ते पिंप तेथेच बाजूला सारले असते. गाळण्यापेक्षा ते गाळताना पाहत असत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी चीफसाहेबांकडे दुसरा अहवाल दिला, बाटली टेबलावर ठेवली. पिंपे शेडखाली गेली आणि आडवी निजवण्यात आली, दोन्ही झाकणे तेलाखाली राहतील अशी. पहिला अहवाल मात्र फाइलमध्ये होता तेथेच राहिला. जागा भरली गेली होती, साहेब म्हणाले.

१९७४ च्या उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, मी मामांच्या गावी गेलो. ते वाड्यासमोरच्या लिंबाखाली कोणाच्या तरी गाडीचे चाक काढून बसले होते. मला पाहून त्यांनी नातवाला घोंगडी अंथरायला सांगितले. मी काय बोलायचे ते वाटेत जुळवून आलो होतो, त्यातले काही आठवले नाही. मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उन्हासमोर धरली. मग उलटी केली आणि तांबडी माती तेलातून सावकाश खाली उतरताना बराच वेळ पाहत राहिले.

“आपल्या स्टोअरमागचा मुरुम हाय ह्यो,” ते म्हणाले.

“मामा, त्या रात्री रजिस्टर कोरं का राहिलं?”

“दांडकं कानाला लावून बसलो व्हतो, साहेब. आवाज सोडून उठायचं मन हुईना. आन् हात तेलकट, कागदाला कसा लावायचा?”

नातवाने चहा आणला. मामांनी फडक्याला हात पुसले, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिले, आणि मगच कप उचलला. निघताना मी बाटलीसाठी हात पुढे केला. ती त्यांनी दिली नाही. आत नेऊन देवळीत ठेवली.